बाहेरून कुलूप, आत मोठ्याई

मोठ्याई,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या सभेला, सुनंदा आली होती. समुद्रपूरहून पहिल्या एसटीनं, एकटीच. तुझी जुनी विद्यार्थिनी म्हणून तिला बोलायला सांगितलं, तर तिनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि एकच वाक्य बोलली. "आमच्या बाईंचं दार आमच्यासाठी कधीच बंद नव्हतं." मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मोठेबाबा मान हलवत राहिले. मी मेणबत्त्यांपलीकडच्या तुझ्या फोटोकडे पाहिलं. त्यात तू फोटोग्राफरवर जराशी वैतागलेली दिसतेस.

लगेच माझं नाव पुकारलं. बाईंची पुतणी, नागपूरला कॉलेजात आहे, दोन शब्द बोलेल. मी उठले नाही. सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजाळू, त्यात इंग्रजी शाळेतली, मराठीत बोलायला कचरते. ते खोटं नाही. पण काल मी त्यामुळे बसून राहिले नव्हते. चार वर्षांपूर्वी सुनंदा भर उन्हात तुला भेटायला आली होती, तेव्हा तुझ्या दाराला कुलूप होतं. ते मी लावलं होतं. आणि तू आत होतीस.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुलासुद्धा कधी विचारलं नाही की तिचा आवाज तुला ऐकू आला होता का. आता विचारते आहे. आता विचारण्याला काय म्हणायचं, तेही मला नीट कळत नाही.

तुझी सुट्टी निकाल वाटून झाले की सुरू व्हायची. तू तिचे तीन वाटे करायचीस. पहिले पंधरा दिवस आरामाचे, पुढचे पंधरा घरच्यांचे आणि उरतील ते "माहे", म्हणजे तुझे एकटीचे. आरामाच्या पंधरा दिवसांत तू गाद्यांचा कापूस पिंजून घ्यायचीस, वर्षाचं तिखट करायचीस, बाजेवर गव्हाचे सरगुंडे वाळत घालायचीस आणि संध्याकाळी पाय लांब करून म्हणायचीस, "आज काईच नाई केलं वं." घरच्यांच्या वाट्यात अल्लीपूरचं तुझं माहेर, लग्नं, बारशी, आणि नागपूरहून येणारे आम्ही. आईबाबा चार दिवसांत परत जायचे, मी शाळा उघडेपर्यंत राहायचे. त्यामुळे मी कुठल्या वाट्यातली, हे मला कधी ठरवता आलं नाही. आरामातली तर नक्कीच नव्हते. घरच्यांतली होते. पण तुझे "माहे" दिवस सुरू झाल्यावरही मी तिथेच असायचे, आणि तू मला परत पाठवत नव्हतीस.

बाबांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, तेव्हा तू एकटीच त्यांच्याशी भांडलीस म्हणे. "भाऊजी, पोरगी दोन्हीकडं मुकी होईन तुमची." बाबांनी ते आम्हाला हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं, कारण तोवर ते खरं झालेलं होतं. तुमच्या गावी, सिंदी मेघेत आले की जो तो म्हणायचा, बोल न वं, बोलत काऊन नाई? तू एकटी तसं म्हणाली नाहीस. तू म्हणायचीस, "नको बोलू. पाह्य. बोलणारे लई हायेत." मग दिवेलागणीला, अंगणात पाणी शिंपडून झालं की विचारायचीस, "आज काय पाह्यलं?" मी तीन-चार गोष्टी सांगायचे. घसरणारी चप्पल पायाच्या बोटांनी धरून चालणारी म्हातारी. शेजारच्यांचा रेडिओ दुरुस्त करायला आलेला आणि नुसती गाणी ऐकत बसलेला माणूस. तू कधी वा म्हणाली नाहीस. पण डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुझं नाटक बसायचं, तेव्हा त्यातली एखादी म्हातारी चप्पल बोटांनी धरून चालायची. मी अंधारात बसलेली असायचे आणि माझे कान गरम व्हायचे. माझ्या आयुष्यात तोवर कुणी माझं काही वापरलं नव्हतं.

दरवर्षी एक नवं नाटक, आणि ते त्या उरलेल्या दिवसांतच लिहायचं. मुलींच्या उत्तरपत्रिकांतली कोरी राहिलेली पानं तू वर्षभर काढून ठेवायचीस आणि त्यांवर लिहायचीस. पण लिहू कोण देत होतं? कुणाला अर्ज लिहून हवा, कुणाला पत्रिकेचा मजकूर, कुणाच्या मुलीचं शाळेत नाव घालायचं. त्यातून ती कुलपाची युक्ती निघाली. युक्ती तुझी की माझी, यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. तू म्हणायचीस, "हे डोकं इंग्रजी शाळेचंच." मला पक्कं आठवतं, कुलूप तूच माझ्या हातात दिलंस.

सकाळी मोठेबाबा डेपोत गेले की मी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचे. किल्ली माझ्याकडे. आत यायचं तर बोळातून वळसा घालून मागच्या दारानं. तू पुढच्या खोलीत टेबलाशी, मी ओसरीत ओल्या बारदान्याच्या आडोशाला पुस्तक घेऊन. कामं दोन. खिडकीतल्या कूलरमध्ये तासातासानं बादलीभर पाणी घालायचं, आणि कुणी आलं तर सांगायचं, मोठ्याई अल्लीपूरला गेली.

मी म्हटलं होतं, मला खोटं बोलायला जमणार नाही. आमच्या शाळेत सिस्टर त्याला पाप म्हणायच्या. तू म्हणालीस, "अवं, खोटं कुठं? लिहाले बसली की मी घरी असतच नाई." यावर मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही, पण पटलंही नाही. हे भांडण आपलं राहूनच गेलं.

एकदा टोपीवाले एक गृहस्थ आले. "जयभीम. बाई हायेत काय?"

"मोठ्याई अल्लीपूरला गेली आहे."

"असं? मी अल्लीपूरवूनच येऊन राह्यलो."

मी म्हटलं, "मग वाटेत चुकामूक झाली असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या बादलीकडे पाहिलं. "झाली असन. अल्लीपूरचा रस्ता लई रुंद हाये." आणि लग्नाची पत्रिका कडीत खोचून गेले. मी मागून आत आले तर तू तोंडात पदर कोंबून हसत होतीस. म्हणजे तुला ऐकू आलं होतं. कूलर चालू असताना. पण ते गृहस्थ फार मोठ्यानं बोलत होते. सुनंदा तशी बोलली नव्हती. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे.

चौऱ्याऐंशीचा उन्हाळा. मेअखेरचा नऊ दिवसांचा नवतपा लागला होता. माझी दहावी झालेली. साडेबाराच्या सुमारास ती फाटकातून आली. डोक्यावर ओला टॉवेल, कडेवर चार-पाच महिन्यांची मुलगी. मी तिला लगेच ओळखलं, कारण तुझ्या भिंतीवर तिचा फोटो होता. तुझ्या नाटकातल्या हवालदाराच्या वेषात, मिशी लावून, शाळेच्या मोठ्या बाईंना सलाम ठोकताना. अकरावीनंतर तिचं लग्न झालं, तेव्हा तू दोन दिवस कुणाशी बोलली नव्हतीस, असं मोठेबाबा सांगायचे.

"बाई हायेत?"

"नाहीत. अल्लीपूरला गेल्या आहेत."

"कधी येतीन?"

"माहीत नाही."

"आज येतीन?"

"मला खरंच माहीत नाही ताई." त्या 'खरंच'ची मला अजून लाज वाटते.

"बसू न थोडी? ऊन लई हाये."

ती पायरीवर बसली. मी पाणी दिलं. तिनं आधी बोट बुडवून मुलीच्या ओठांना लावलं, मग स्वतः प्यायली. "तू नागपूरवाली न? बाई सांगत राहे तुह्याबद्दल." मी मान हलवली. मुलगी झोपली. तासभर तरी ती बसली होती. मधे केव्हातरी लाइन गेली आणि कूलर बंद पडला, हे मला आठवतं. ती एकदम पसरलेली शांतता आठवते, तुझं पेन कागदावर वाजेल अशी वाटलेली भीती आठवते. पण ते ती बसलेली असताना की ती गेल्यावर, हे काही केल्या आठवत नव्हतं. चार वर्षं मी ती दुपार उलटसुलट करून पाहिली. कधी लाइन आधी जाते, कधी नंतर.

जाताना ती म्हणाली, "सांगजो, सुनंदा येऊन गेली." मी हो म्हटलं. सुनंदा येऊन गेली, मोठ्याई. घे, सांगितलं.

तेव्हा का नाही सांगितलं? संध्याकाळी तू विचारलंस, "आज काय पाह्यलं?" आणि मी म्हणाले, "काही नाही." असं मी पहिल्यांदाच म्हणत होते. तुला सगळं माहीतच असेल, असं मला वाटत होतं. तुला काहीच माहीत नसेल, अशी भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी. तू माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंस, चष्मा पुसलास आणि त्या दिवशीची पानं वाचायला घेतलीस.

सुट्टीतली शाळा. फाटकाला कुलूप. पायरीवर लेकुरवाळी बाई, जुनी विद्यार्थिनी. शिपाई तिला हाकलतो, ती हलत नाही. मग आतून तिच्या बाई येतात, फाटक उघडतात आणि म्हणतात, "उन्हात काऊन बसली वं? आत ये."

मोठेबाबा बाजेवरून म्हणाले, "वा." मी विचारलं, "हे आज लिहिलंस?"

"आज, काल, काय माईत. लिहून राह्यली चार दिवसापासून."

त्या डिसेंबरात ते नाटक झालं. तुझं सगळ्यात चांगलं नाटक, असं सगळे म्हणाले. फाटक उघडलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका रडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. मला आवडलं होतं, हेच मला सहन होत नव्हतं. तुला ती दुपार ठाऊक नसेल, तर ते किती सुंदर होतं. ठाऊक असेल, तर तू कागदावर दार उघडलंस आणि घरचं लावलेलं राहू दिलंस. पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात मी आले, कुलूप लावलं, पाणी घातलं, आणि तुझ्यावर माया करत राहिले. थोडी घाबरत राहिले. तुला ते जाणवलं का? एकदा तू म्हणालीस, "मिनू, तू आजकाल मले परीक्षेच्या पेपरासारखी पाह्यतेस." मी हसण्यावारी नेलं.

या वर्षी तू सुट्टी लागायच्या आतच गेलीस. आरामाचा वाटा नाही, घरच्यांचा नाही, तुझा तर नाहीच.

काल जेवणं झाल्यावर मोठेबाबा सुनंदाकडे पाहून म्हणाले, "मिनू, हिले स्टँडवर सोडून दे." आम्ही सायकल रिक्षात बसलो. अर्धा रस्ता मी वाक्य जुळवत होते. आधी इंग्रजीत, मग मराठीत. शेवटी नुसतंच तोंडातून निघालं. "ताई, त्या दिवशी बाई घरात होत्या."

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माईत हाये."

"कसं?"

"अवं माय! कुलूप बाहीर, कूलर चालू, अन् तू त्याच्यात बादलीनं पाणी टाकून राह्यली. रिकाम्या घराले कोणी थंडं करते काय?" आणि ती इतकी हसली की रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. "साऱ्या सिंदी मेघेले माईत होतं. बाईच्या दाराले कुलूप दिसलं की समजाचं, बाई लिहाले बसल्या. ज्याचं काम अडलं नाई, थो वापस जाये. ज्याचं लईच अडलं, थो मांगच्या दारानं जाये."

"मागच्या दारानं? आणि मोठ्याई घ्यायची आत?"

"मंग? चहा बी देत."

मोठ्याई, तू हे मला कधीच सांगितलं नाहीस. मी पुढे बसून सिस्टरांच्या पापाला घाबरत लोकांना अल्लीपूरला पाठवत होते, आणि तू मागं चहा करत होतीस. मग मी पहारा कशावर देत होते? मला हसूही आलं आणि रडूही. रिक्षात दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

मी विचारलं, "मग तुम्ही मागच्या दारानं का नाही गेलात?"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली. "मी बाईची हवालदार होती वं. मी काऊन मांगून जाऊ? मले वाटलं, आवाज आयकून बाईच बलावतीन."

"पण कूलर होता. ऐकू गेलं नसेल."

"लाइन गेलती न मधात. मी बसली होती तवाच. मी खोकलली. मुद्दामच खोकलली. आत खुर्ची सरकली. पाय वाजले, दारापावतर आले. मंग लाइन आली."

"आणि मग?"

"मंग कूलर सुरू झाला. मंग कोणाले काय आयकू येते?"

म्हणजे तू उठली होतीस. दारापर्यंत आली होतीस. आतून तुला ते उघडता येत नव्हतं, कारण बाहेर माझं कुलूप होतं आणि किल्ली माझ्या फ्रॉकच्या खिशात. नुसतं "मिनू" म्हणाली असतीस, तर मी उघडलं असतं. का नाही म्हणालीस? लिहिण्यातून उठायचं नव्हतं म्हणून? की इतका वेळ आत बसून राहिलो, आता कोणत्या तोंडानं, म्हणून? की मीच उघडीन असं वाटलं तुला? फळीएवढ्या जाडीच्या दाराच्या दोन बाजूंना आपण तिघी होतो, आणि प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीनं आवाज द्यावा. की हेही मी तुझ्यासाठी रचते आहे, तुला सोडवायला? मला खरंच कळत नाही.

मी म्हटलं, "मग आज माईकवर तसं का म्हणालात? दार कधीच बंद नव्हतं म्हणून?"

"खोटं काय त्यात? दार बाईनं थोडी लावलं होतं? तू लावलं होतं." तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. गमतीत मारली असावी. जराशी लागली.

स्टँडवर समुद्रपूरची गाडी लागलेली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी राहिले. ती म्हणाली, "गॅदरिंगले आलती मी त्या साली. मागं उभी होती. चांगलं होतं नाटक." मग ती चढणाऱ्या लोकांकडे पाहू लागली.

ड्रायव्हर येऊन बसला. मला वाटलं, आता नाही विचारलं तर हेही राहून जाईल. मी गज धरून विचारलं, "ताई, त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"ते बाईले सांगाचं होतं."

"मला सांगा ना. मी लिहून ठेवीन."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर हसूही नव्हतं.

"काऊन? तुले बी नाटक कराचं हाये काय?"

गाडी सुटली. मला उत्तर देता आलं नाही, मोठ्याई. तुला देता आलं असतं का?